रिकाम्या फेरीतला बिबट्या

बिबट्या कोणी व्हायचं यावरून आपल्या बैठकीच्या खोलीत भांडण जुंपेल, असं मिनिटरावांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. हरीण व्हायला कोणी राजी नव्हतं. अस्वलाच्या कामाला तळमजल्यावरचे शिंपी एका पायावर तयार होते. पण बिबट्या मात्र दोघांनाही हवा होता. एक, समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर. दुसरे, इमारतीचे सेक्रेटरी.

"मी बिबट्या प्रत्यक्ष पाहिलाय," डॉक्टर म्हणाले.

"कुठे? पिंजऱ्यातच ना?"

"मग? पिंजऱ्यात ठेवला म्हणून त्याची मांजर होते का?"

"मुद्दा तो नाही. गच्ची इमारतीची आहे, आणि इमारतीच्या वतीने सह्या मी करतो. तेव्हा गच्चीवरचा मुख्य प्राणी..."

इथे मिनिटरावांनी घड्याळाकडे पाहून चर्चा आवरती घेतली. बिबट्या डॉक्टरांना मिळाला, कारण बिबट्याच्या ठिपक्यांचं एकुलतं एक ब्लँकेट डॉक्टरांच्या घरी होतं. सेक्रेटरींना हरणांच्या कळपाचं प्रमुखपद देण्यात आलं. 'प्रमुख' हा शब्द ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला.

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण शहराच्या बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं आखता आखता ते त्यांना असं चिकटलं, की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं गेलं तर ते स्वतःच इकडेतिकडे बघत. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय डेपोतून एकही बस हलत नसे. हललेली बस पुढे कधी पोचते, हा दुसऱ्या खात्याचा विषय होता आणि मिनिटराव दुसऱ्यांच्या खात्यात नाक खुपसत नसत.

या कचेरीची एक जुनी रीत होती. नवा मार्ग सुरू करायचा, तर आधी त्यावर रिकामी बस सोडायची. ती प्रत्येक थांब्यावर थांबवायची, न आलेल्या उतारूंसाठी दार उघडायचं, न उतरलेल्या म्हाताऱ्यांसाठी जरा खोळंबायचं, घंटी मारायची आणि पुढे निघायचं. याला 'रिकामी फेरी' म्हणतात. मिनिटरावांचा रिकाम्या फेरीवर जेवढा जीव होता, तेवढा भरलेल्या फेरीवर नव्हता. भरलेल्या फेरीत माणसं असतात, आणि माणसं आली की वेळापत्रकाचे बारा वाजतात.

हाच नियम त्यांनी संसारालाही लावला होता. दर सुट्टीत ते एक प्रवास आखत. आखणी इतकी बारीक होई, की ती संपेपर्यंत सुट्टीही संपे. एकदा तर बॅगा घेऊन दोघं स्टेशनापर्यंत गेली होती. पण पहिलीच गाडी उशिरा येणार असं कळल्यावर पुढची जोडगाडी हुकणार, तिच्यामुळे मुक्कामाची मोटार हुकणार, मोटारीमुळे सूर्यास्त हुकणार, असं मिनिटरावांनी फलाटावर उभ्याउभ्या सिद्ध केलं, आणि सूर्यास्त घरच्या खिडकीतून पाहिला.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत 'बाई' म्हणत असे. त्या शाळेत भूगोल शिकवत. वर्षानुवर्षं हिरव्या खडूने फळ्यावर अरण्यं रंगवायची, 'येथे बिबट्या, अस्वल व हरणे आढळतात' असं त्याखाली लिहायचं, आणि तास संपला की सगळं अरण्य डस्टरने पुसून घरी यायचं. एवढं करून बाईंनी स्वतः कधी मोकळ्या जंगलात साधा ससासुद्धा पाहिला नव्हता. यंदा मात्र त्यांनी नवऱ्याला न विचारता अर्ज करून टाकला. दोन दिवस डोंगरातून पायी चालायचं आणि मग उघड्या जीपमधून जंगल पाहायचं. या हंगामानंतर ते जंगल काही वर्षं प्रवाशांना बंद राहणार होतं.

"या वेळी निघालो नाही तर मी एकटी जाईन," बाईंनी शांतपणे सांगितलं. "आणि परत आल्यावर काय काय दिसलं, ते तुम्हाला सांगणार नाही."

यातली दुसरी धमकी मिनिटरावांच्या जिव्हारी लागली. पण खरी गंमत पुढेच. धमकीच्या धक्क्यातून सावरेपर्यंत त्यांच्या अंगात जंगल संचारलं. ते कचेरीत टेबलाखाली दुर्बीण साफ करू लागले. चालताना अचानक थांबून हवा हुंगू लागले. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंपुढे जंगलाचं वेळापत्रक ठेवलं. सूर्योदय. पक्षी (किरकोळ). हरणांचा कळप. चहा. बिबट्या.

"बिबट्याला कळवलंत का?" बाईंनी विचारलं.

"म्हणून तर रिकामी फेरी घ्यायची!" मिनिटराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत असं तेज बाईंनी लग्नानंतर प्रथमच पाहिलं, त्यामुळे त्यांनी पुढे वाद घातला नाही.

तयारीची बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले जिन्यातून वर आले. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर साबण लावू नका, प्राण्यांना वास येतो. तो सल्ला मिनिटरावांनी मानला, आणि चौथ्या दिवशी कचेरीतल्या प्राण्यांनी त्यांचं टेबल खिडकीजवळ सरकवलं. शिंपी म्हणाले, अंगावर झाडासारखा रंग हवा. त्यांनी पडद्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाचा सदरा शिवून दिला. तो घालून मिनिटराव दिवाणखान्यात उभे राहिले की घरात एक जास्तीची खिडकी आहे असं वाटे.

डोंगर चढायचा सराव म्हणून त्यांनी लिफ्ट सोडली आणि पाठीवरच्या पिशवीत जुनी वेळापत्रकं भरून जिना चढउतार करू लागले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन माणूस तिन्हीत्रिकाळ जिन्यात दिसू लागल्यावर बायकांनी बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "भांडणबिंडण झालंय का हो? घर सोडून जातात म्हणे, पण परत येतात." शहाण्या माणसाची अब्रू जिन्यात कशी घसरते, हे मिनिटरावांनी त्या आठवड्यात अनुभवलं.

मग आला तब्येतीचा दाखला. वनखात्याला हवा होता डॉक्टरांचा दाखला, आणि घरासमोर आयते डॉक्टर असताना दूर कशाला जायचं, या विचाराने मिनिटरावांनी समोरचं दार ठोठावलं. डॉक्टर प्रामाणिक माणूस. जेवढं तपासलं तेवढंच त्यांनी लिहिलं. 'दात मजबूत. हिरड्या उत्तम. एक अक्कलदाढ वाकडी, तरी जंगलात जाण्यास हरकत नाही.' वनखात्याच्या खिडकीवरच्या कारकुनाने तो कागद आतल्या साहेबांना नेऊन दाखवला. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून साहेबांनी हिरव्या सदऱ्यातल्या मिनिटरावांना डोळे भरून पाहूनही घेतलं. मग कारकुनाने कागद परत आणून दिला.

"साहेब म्हणतात, चावायचं काम बिबट्याचं असतं. त्याचे दात आम्ही बघू. तुम्ही छाती आणि गुडघे तपासून या."

एवढा अपमान गिळून मिनिटरावांनी छाती तपासून घेतली. ती त्या वेळी चांगलीच धडधडत होती.

परवाना मिळाला आणि मिनिटराव गच्चीकडे वळले. तिथे सेक्रेटरी आडवे आले. नियमाप्रमाणे गच्चीवर फक्त पाण्याच्या टाक्या, एरियल आणि वाळत घातलेले कपडे यांना राहता येत होतं. तंबू कशात बसतो?

"तंबू म्हणजे कापडच की," मिनिटराव म्हणाले.

"ओला आहे?"

"करता येईल."

सेक्रेटरींनी डोळे मिटून विचार केला. अखेर चारही टोकांना बांधून वाळत घातलेला, आत माणसं असलेला कपडा म्हणून तंबूला मंजुरी मिळाली. आणि एवढं मंजूर केल्यावर आपण घरात का बसायचं, म्हणून सेक्रेटरी स्वतःच रिकाम्या फेरीत सामील झाले. पाठोपाठ शिंपी, डॉक्टर आणि मजल्यामजल्यावरचे हौशी आले. मिनिटरावांच्या आत्यांनाही यायचं होतं. त्यांचे गुडघे वाकत नसत. एकदा बसल्या की कोणी तरी उठवेपर्यंत त्या हलत नसत. म्हणून त्यांना पाणवठा करण्यात आलं. मोठ्या टबात पाणी भरून त्यांनी पाय सोडून बसायचं आणि प्राणी पाण्यावर आले की मान हलवायची.

"मान का हलवायची?" आत्यांनी विचारलं.

"पाण्यावर तरंग उठतात ना आत्या, त्याचे."

रविवारची सकाळ उजाडली. गच्चीवर चार खुर्च्यांची जीप उभी होती. पुढच्या खुर्चीवर मिनिटराव, मागे बाई. ओला तंबू एका बाजूला ठिबकत होता. कपड्यांच्या दोऱ्यांमधून सेक्रेटरींचा कळप शिस्तीत चरत होता. शिंपी अस्वल होऊन कुंड्यांपाशी मध शोधत होते. टाकीमागे ठिपक्यांचं ब्लँकेट पांघरून, मागचा भाग भरदार दिसावा म्हणून कमरेखाली उशी बांधून, डॉक्टर आपल्या वेळेची वाट पाहत दबा धरून बसले होते. कोणी अवाक्षर काढायचं नाही असा सक्त हुकूम होता. मिनिटरावांना आनंदाने भरून आलं. इतकी मुकाट्याने वागणारी माणसं त्यांनी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती. मागे वळून पाहिलं तर बाईही हसत होत्या.

आता, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ रोज सकाळी हातपाय ताणत असत, आणि शहराबाहेरच्या टेकडीवर गेल्या महिन्यात खराखुरा बिबट्या दिसल्याची बोलवा होती, या दोन गोष्टी मिनिटरावांच्या वेळापत्रकात कुठेच नव्हत्या. त्या गृहस्थांना टाकीमागून ठिपक्यांची पाठ दिसली आणि शेपटीच्या जागी काही तरी गुबगुबीत हललं. ते ताणलेल्या हातापायांनिशीच घरात पळाले आणि त्यांनी फोन केला. टेकडीपायथ्याला वनखात्याची गाडी उभीच असे. ती लगेच आली.

गच्चीचं दार हळूच उघडलं. खाकी कपड्यातले वनाधिकारी बंदूक सरसावून आत आले, त्यांच्यामागे जाळं धरलेले दोघे.

"कोणीही हलू नका," अधिकारी कुजबुजले.

कोणी हलत नव्हतंच. मिनिटरावांनी कौतुकाने मान डोलावली. सेक्रेटरींनी वनरक्षकसुद्धा आणलेत, तेही पोशाखासकट! मग सवयीने त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तुम्ही लवकर आलात," ते पुटपुटले.

"अहो, बाजूला व्हा! त्या टाकीमागे बिबट्या आहे!"

"माहीत आहे. पण त्याला अजून वेळ आहे. चहा झाल्याशिवाय तो पाण्यावर येणार नाही."

अधिकाऱ्यांनी या माणसाचा नाद सोडला आणि ते टबाकडे सरकले. "आजी, आवाज न करता उठा. माझ्यामागे या."

"मी पाणवठा आहे," आत्या म्हणाल्या. "मला उठता येत नाही."

हे बोलणं ऐकून टाकीमागे डॉक्टरांना वाटलं, आपली वेळ झाली. त्यांनी इतके दिवस बाथरूममध्ये घटवलेली डरकाळी फोडली आणि चार पायांवर पाणवठ्याकडे झेप घेतली. अधिकाऱ्यांनी बंदूक झाडली. गुंगीची सुई सणसणत गेली आणि बिबट्याच्या मागल्या भागात रुतली.

आयुष्यभर हजारो लोकांच्या तोंडात सुई घालताना 'काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं सांगणारे डॉक्टर एकदा "आई गं!" म्हणाले आणि आडवे झाले. कळप उधळला. जाळंवाल्यांनी घाईत जाळं फेकलं, त्यात अस्वल सापडलं. आत्या प्रामाणिकपणे मान हलवत राहिल्या.

सगळे डॉक्टरांभोवती जमले. सुई उशीतच अडकली होती, अंगाला तिचा स्पर्शही झाला नव्हता.

"डॉक्टर, उठा! सुई उशीत आहे!"

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. "पण औषध भारी असतं. उशीतून झिरपलं असेल," असं म्हणून त्यांनी तो परत मिटला.

अधिकाऱ्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी मिनिटरावांना आपादमस्तक न्याहाळलं. पडद्याचा सदरा, दुर्बीण, घड्याळ. "थांबा. तो दातांचा दाखला पाठवणारे तुम्हीच ना?"

मिनिटरावांनी मान खाली घातली.

"तरीच! वनखात्याला खोटी धावपळ करायला लावलीत. तुमचा परवाना रद्द!"

गच्चीवर शांतता पसरली, आणि या वेळी तिला कोणाच्या हुकमाची गरज नव्हती. मिनिटरावांनी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू फळ्यावरच्या अरण्यासारखं पुसलं गेलं होतं. आजवरचे सगळे प्रवास आपण हुकवले तेव्हा तिचा चेहरा असाच झाला असणार, आणि आपण मात्र घड्याळ बघत होतो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

"साहेब," ते म्हणाले, "माझा परवाना फाडा. हवं तर मला जाळ्यात घालून न्या. पण हिचा ठेवा. ही शाळेत जंगल शिकवते आणि हिने जंगल पाहिलेलं नाही. ही एकटी जाईल. मला काही सांगणार नाही, तेही चालेल."

अधिकारी क्षणभर घुटमळले. तेवढ्यात दोरीवरच्या चादरीआडून हरणांचे प्रमुख पुढे आले. डोक्याला बांधलेली शिंगं सावरत सेक्रेटरी म्हणाले, "एक नियमाची बाब. या गच्चीवर फक्त टाक्या, एरियल आणि कपडे यांना परवानगी आहे. बंदूक यात कुठे बसते?"

"म्हणजे?"

"म्हणजे विनापरवानगी हत्यार आणलं. इमारतीच्या मालकीच्या हवेत चालवलं. एका रहिवाशाच्या मागच्या बाजूला नेम धरला. शिवाय आमचे शिंपी अजून तुमच्या जाळ्यात आहेत. आता तुम्हीच सांगा, हे सगळं वर कळवायचं कसं? 'दंतवैद्य बेशुद्ध केला' असं?"

या माणसाने आजवर आपल्याला केलेला सगळा त्रास मिनिटरावांनी तिथल्या तिथे माफ केला. अधिकाऱ्यांनी घाम पुसला. शेवटी असं ठरलं की त्या सकाळी गच्चीवर काहीच घडलं नाही. निघताना अधिकारी दारात थांबले. "जा दोघंही. फक्त एक करा. जंगलात प्राणी आमचेच असू द्या, घरून आणू नका."

आणि खरोखर, ती दोघं निघाली. गाडी उशिराच आली. मिनिटरावांनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं. डोंगरवाट त्यांनी अशी सर केली की वाटाड्याने तोंडात बोट घातलं. जुन्या वेळापत्रकांचा असा उपयोग आजवर कोणत्याही उतारूने केला नव्हता. रानातल्या वासाने बाईंचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. कुठलं झाड, कुठला खडक, ओढा कुणीकडून कुणीकडे वाहतो, त्या अखंड बोलत होत्या.

पण बिबट्या काही येईना. जीपमधून पहिली सकाळ गेली, पहिली संध्याकाळ गेली. हरणं दिसली, अस्वलाची पाठ दिसली, आणि ती शिंप्यांइतकी हुबेहूब नव्हती असं मिनिटरावांना उगाच वाटलं. वेळापत्रकातला बिबट्याचा रकाना कोराच राहिला. शेवटच्या संध्याकाळी जीप फाटकाकडे परत निघाली, तेव्हा मिनिटरावांचा धीर सुटला.

"मी सगळं नीट आखलं होतं गं."

"तुम्ही बरोबर आलात ना?" बाई म्हणाल्या. "मी तेवढंच आखलं होतं."

पुढच्या वळणावर गवतात तिरपं ऊन पडलं होतं. "जरा थांबूया का?" बाईंनी विचारलं. "काही नाही, नुसतंच."

"फाटक बंद होईल," जीपवाला म्हणाला.

"होऊ दे," मिनिटराव म्हणाले. हे वाक्य आपल्याच तोंडून आलं, याची खात्री करायला ते इकडेतिकडे पाहू लागले.

इंजिन थांबलं. वारा पडला. आणि गवत बाजूला सारून तो आला. ना घाई, ना डरकाळी. जीपपासून हाकेच्या अंतरावर खड्ड्यात साठलेल्या पाण्याशी तो बसला आणि चुळुक चुळुक पाणी पिऊ लागला. पाण्यावर तरंग उठले. मिनिटरावांना आत्यांची हलणारी मान आठवली आणि हसू फुटण्याच्या आत डोळेच भरून आले. सवयीने त्यांचा डावा हात वर आला. पण त्या मनगटावर बाईंनी हात घट्ट आवळला होता. घड्याळ त्या हाताखाली होतं. बाई रडत होत्या, हसत होत्या, आणि त्यांना स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाणी पिऊन झाल्यावर बिबट्याने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि आपल्या वाटेने निघून गेला.

घरी परतल्यावर पिशव्या खाली ठेवायच्या आत सगळी इमारत जमली. डॉक्टर अजून बसताना जरा जपून बसत होते.

"दिसला?"

"दिसला!"

"किती वाजता?"

मिनिटरावांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगता येणार नाही."

खोलीत हशा पिकला. "मिनिटरावांना वेळ सांगता येत नाही? मग दिसलाच नाही तो!" डॉक्टरांनी निकाल दिला.

एरवी मिनिटरावांना हा अपमान महिनाभर पुरला असता. आज त्यांनी शांतपणे घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मनगट सगळ्यांपुढे धरलं. त्यावर बाईंच्या चार नखांच्या खुणा अजून तशाच होत्या.